फुरसं आधी सांगते

मिहानकडच्या साईटवर साप ओळखण्यात माह्या तोडीचा माणूस नाही. फुरसं मले चावलं, तवा मी त्याले "मांजऱ्या हाये, यानं कोणी मरत नाही" म्हणून हातात धरून लोकायले दाखवून राहिलो होतो.

शाळा मी पाह्यली ते बाहेरून. पण साप निंघाला का सारे मलेच बोलावत. त्या दिवशी विटा वाहून ढोपरं गेले होते, तरी गेलो. मोठेपणाची खाज, दुसरं काय.

रचलेल्या विटायच्या चट्ट्याखाली हातभर साप पडून होता. फुरसं अन् मांजऱ्या, दोघायच्या डोक्यावर पाखराच्या पायावानी निशाण. फसते माणूस. पण फुरसं पळत नाही. जागीच वेटोळं घालते अन् अंगाचे खवले एकमेकावर घासते. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज निंघते. मांजऱ्याले थे जमत नाही. म्हणून मीच साऱ्यायले शिकवलं होतं, का आधी कान द्या, मंग हात लावा.

बाजूले मिक्सर घरघरून राहिला होता. माही बायको रेतीचं घमेलं घेऊन चट्ट्यापाशीच उभी.

"अजी, हे करकर करून राहिलं."

"मिक्सरमधली गिट्टी हाये वं. तू तुही रेती पाह्य."

"मंग बंद कराले सांगा न त्याले."

"एवढ्याशा मांजऱ्यासाठी?"

अन् उचलला. बोटालेच धरलं त्यानं.

दवाखान्यात डॉक्टरनं माहं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं ठेवलं, मंग नळी आडवी केली. गोठलंच नाही, पाण्यावानी वाह्यलं. हिरड्यातूनबी रक्त येऊन राहिलं होतं. सलाईनमधून औषध चालू केलं. काही तासानं पुन्हा नळी, पुन्हा पाणीच. बायको स्टुलावर बसून नुसती नळीकडे पाहे. अंगावर रेती तशीच. रडाचंबी त्राण नव्हतं तिच्यात.

तिसऱ्या बारीले नळी आडवी केली. रक्त जागचं हाललं नाही. डॉक्टर म्हणे, "वाचले."

मले श्वास घेणंबी काम वाटून राहिलं होतं. पण तोंड काही गप बसे ना.

"पाह्यलं वं? मुंगसाचं रक्त हाये माहं."

ती उठली, पदरानं तोंड पुसलं.

"मुंगसाले कान असते," म्हणे. "तुमाले निस्तं तोंड हाये."