ग्लेंडाचं साठावं वर्ष

ग्रिम्सबीच्या मासळीच्या कारखान्यात बाई साठ वर्षांची झाली की तिची वरात निघायची. एप्रनला कागदी फुलं, डोक्यावर कोबीच्या पानांचा मुकुट आणि बाईसाहेब मासळीच्या ढकलगाडीत. कारखानाभर फिरवून, वरून बर्फाचा मारा करत आम्ही तिला फाटकापर्यंत पोचवायचो. मग ती घरी जायची आणि सरकारी पेन्शन खायची. माझी वरात निघाली तेव्हा गाडी ढकलायला ग्लेंडा ब्लँचर्ड होती, आणि तिने मला मुद्दाम दोनदा भिंतीवर आपटलं.

ग्लेंडा माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. एकाच टेबलावर आम्ही जन्म काढला मासे चिरण्यात. बर्फाच्या पाण्यात राहून तिची बोटं वाकडी झाली होती. सकाळी बटणं लावायला नवरा लागायचा. तो गेल्यावर तिने बटणांचे कपडेच सोडले. कुरकुर मात्र नाही. साठ झाली की हातांना सुट्टी, एवढंच म्हणायची.

दोन हजार चौदा साली ती साठीला टेकली आणि मालकाने माणसं कमी करायचं काढलं. युनियनचा पुढारी क्लाइव्ह हा ग्लेंडाचा सख्खा धाकटा भाऊ. आई अंथरुणाला खिळल्यावर हिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेला. जे शेवटी लागले त्यांची नोकरी आधी जाणार होती, आणि त्यांत क्लाइव्हचीच मुलगी केरी होती, दोन लहान पोरांची आई. क्लाइव्ह बहिणीकडे गेला. तुझे तर थोडेच महिने राहिलेत, ताई, तू आपणहून नाव दे, म्हणजे एखाद्या तरण्या पोरीची नोकरी वाचेल, असं म्हणाला. हातातला चहा संपायच्या आत ग्लेंडा हो म्हणाली.

वरात जोरात झाली. क्लाइव्हने भाषण केलं आणि डोळेही पुसले. वाढदिवसाच्या आठवड्यात ग्लेंडाने पेन्शनच्या कचेरीत फोन लावला, तर पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की तुमची पेन्शन सहासष्टाव्या वर्षी. कायदा कधीच बदललाय, तुम्हाला ठाऊक नाही का?

नव्हतं ठाऊक. कुणी दवंडी पिटली नाही, तिच्या घरी पत्र आलं नाही. मला साठाव्या वर्षी मिळाली ती मी आधी जन्मले म्हणून. यात माझी काय कर्तबगारी? आणि वर शहाणे लोक विचारतात, समान हक्क हवे होते ना, मग पुरुषांइतकीच वर्षं राबा. आम्ही समान पगारासाठी संप केला तेव्हा हे शहाणे कुठल्या बिळात बसले होते कोण जाणे.

ग्लेंडा कारखान्यात परत गेली, पण तिची जागाच उरली नव्हती. शेवटी एका शाळेत संडास घासायचं काम मिळालं. वाकडी बोटं बर्फातून निघाली ती फिनेलमध्ये गेली. तिला आधार एकच, क्लाइव्ह. "देवाशप्पथ, ताई, मलाही माहीत नव्हतं," तो म्हणाला होता, "आपल्या सगळ्यांनाच फसवलंय यांनी." बिचारा माझ्यापायी झुरतोय, असं ती मलाच ऐकवायची. रविवारी त्याला जेवायला बोलवायची आणि मांसाचा चांगला तुकडा त्याच्या ताटात वाढायची.

चार वर्षांनी आमच्या भागातल्या बायकांनी चर्चच्या हॉलमध्ये सभा घेतली. सरकारने भरपाई द्यावी असा ठराव करायचा होता. ग्लेंडाच्या आग्रहाने क्लाइव्हला बोलायला बोलावलं. ती पहिल्या रांगेत माझ्या शेजारी, नटूनथटून. मागून एक म्हातारा म्हणाला की कायदा काही चोरून झाला नव्हता, बायकांनी पेपर वाचायला हवे होते. क्लाइव्ह तापला.

"मला कायदा शिकवू नका," तो म्हणाला. "पंच्याण्णव साली बायकांचं पेन्शनचं वय वाढवायचं ठरलं तेव्हा मी युनियनच्या परिषदेत होतो. याच्याविरुद्ध पहिलं भाषण माझं झालं."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि मग माझे हात थांबले. ग्लेंडा उभी राहिली होती.

"पंच्याण्णव साली?" तिने विचारलं.

क्लाइव्हचा चेहरा उतरला. "ताई, हे आपण घरी बोलू."

"केरीची नोकरी वाचवायची होती, तर तसं सांगायचंस. मी तरीही नाव दिलं असतं." तिचा आवाज चढला नाही. "सरकारनं कळवलं नाही म्हणून चार वर्षं मी सरकारला शिव्या घातल्या. पण सरकार माझं कोण लागतं रे?"

मला तर वाटलं, उठावं आणि त्याच्या मुस्काटात द्यावी. ग्लेंडा घरी जाईल म्हणून मी तिचा कोट हातात घेतला, पण ती पुन्हा खुर्चीवर बसली. ठराव मताला आला. तिने आपला वाकडा हात वर केला, मी केला. मंचावरून क्लाइव्हनेही केला, आणि मतं मोजणाऱ्या बाईने तोही मोजणीत धरला.