कुणी केली ही किंगरी?

काल कॉलेजच्या संगीत खोलीत मैत्रीण व्हायोलिनच्या गजाला राळ घासत होती. त्या वासासरशी मी वालूरच्या आमच्या ओसरीत जाऊन पोचले.

मी नववीत होते. माझे वडील, आबा, गजानं वाजवायच्या किंगऱ्या बनवायचे, आणि त्या दिवशी ओसरीत मी एकटीनं केलेली पहिली किंगरी होती. करवंटी काचेच्या तुकड्यानं तासून गुळगुळीत केली होती. कातडं उन्हात तडकतं, म्हणून दोन दिवस टोपलीखाली सावलीत वाळवलं होतं. गजाला घोड्याच्या शेपटीचे केसही मीच बांधले होते.

चुडाव्याहून एक म्हातारे वाजवणारे आले. त्यांनी गज फिरवला आणि डोळे मिटले.

"लय गोड बोलायलीय. कुणी केली रं?"

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "मीच की, मामा. दुसरं कोण हाय इथं?"

ते किंगरी घेऊन गेल्यावर मी विचारलं, "आबा, खोटं कामून बोलले?"

"पोरीच्या हातची म्हणलं असतं तर घेतली असती का त्यांनी?"

तेव्हा मला त्या म्हाताऱ्यांचा राग आला होता. वडिलांबद्दल असं लिहू नये कदाचित, पण आज राग आबांचा येतो. म्हातारे नको म्हणालेच नव्हते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

काल मैत्रिणीनं माझ्या पिशवीतली नवी किंगरी उचलली. "कुणी केली गं?"

"आमच्या आबांनी," मी म्हणाले.

दारापर्यंत गेले आणि संतापानं माझे कान तापले. मी परत फिरले.

"खोटं बोलले. मी केलीय."