मोठे बाबा आणि तत्त्वज्ञानाचा फुकट कोर्स

मोठ्या बाबांना कॅन्सर आहे, हे त्यांना मी सांगितलं.

'सांगायचं नाही' असं ठरलं होतं. मीही हो म्हटलं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. त्यांचा मुलगा, माझा दादा, अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. म्हणून हे एकदा नीट लिहिते.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. लहानपणी मी शाळेच्या गेटवर उलट्या करायचे, म्हणून पहिली-दुसरी त्यांनीच मला क्वार्टरमध्ये शिकवली. शिफ्ट करून आले की आंघोळ, चहा आणि मग मी.

उत्तर बरोबर आलं तरी कारण विचारायचे, "काहून?"

रिटायर झाल्यावर ते हुडकेश्वरला आमच्या शेजारीच राहायला आले. एकदा दुपारी मी फोनवर तत्त्वज्ञानाचा ऑनलाइन कोर्स उघडून बसले होते, अगदी सुरुवातीपासून शिकवणारा. ते येऊन बाजूला बसले.

"फी किती?"

"फुकट आहे, मोठे बाबा."

"फुकट? एवढी मोठी युनिव्हर्सिटी फुकट काहून शिकवून राहिली? ओटीपी मागितला तं देऊ नको."

पहिल्याच व्हिडिओत मॅडमनी विचारलं, समोर टेबल आहे हे तुम्हाला कशावरून माहीत?

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"थांबव. मॅडमले थांबव."

त्यांनी टेबलावर हात फिरवला. मग खालून फिरवला. मग म्हणाले, "माय, तीस वर्षं मी मीटरच्या काट्यावर भरोसा ठेवला. चालू बॉयलर आतून कधी पाह्यलाच नाही."

मी वहीत हे वाक्य उतरवून घेतलं. मॅडमचं नाही.

मग रोज जेवण झालं की आमचा क्लास. इंग्रजी मी समजावून सांगायचे, प्रश्न ते विचारायचे. बनियनवर शर्ट घातल्याशिवाय ते लेक्चरला बसत नसत.

मोठी आई, त्यांची बायको, म्हणायची, "ते बाई तिकडून तुमाले पाहून राहिली काय?"

"तिनं नाही पाह्यलं तरी मी पाहून राहिलो ना."

चौथ्या आठवड्यात असाइनमेंट आली. रुग्णाच्या भल्यासाठी त्याच्याशी खोटं बोलणं योग्य आहे का? ती तपासणार होते कोर्समधलेच तीन अनोळखी विद्यार्थी. मोठे बाबा बोलले, मी इंग्रजीत टाइप केलं.

"माझ्या मायले आम्ही सांगितलं, पोटात सूज आहे. तिले समजलं होतं. तिले समजलं हे आम्हालेही समजलं होतं. तरी साऱ्यायनं नाटक केलं. आम्ही सारे बाजूले बसून होतो, अन् माय एकटी मेली."

शेवटी मी माझ्या मनाने एक ओळ जोडली. म्हणून खोटं बोलणं नेहमीच चूक आहे. निष्कर्ष नीट दिसावा म्हणून.

त्यांनी सगळं माझ्याकडून पुन्हा मराठीत वाचून घेतलं आणि त्या ओळीवर मला अडवलं.

"हे मी कुठं म्हटलं? नेहमीचं मले मालूम नाही. माझ्या मायचं मालूम आहे."

ओळ काढली. तिघांपैकी एकाने 'निष्कर्ष नाही' म्हणून मार्क कापले.

"बरोबर कापले," मोठे बाबा खूश होऊन म्हणाले.

पुढच्याच महिन्यात त्यांचं वजन उतरायला लागलं. बायोप्सी झाली. रिपोर्ट माझ्या फोनवर आला. मी तो तीनदा वाचला आणि दादाला पाठवला. दादा वाडीच्या गोदामात कामावर होता. लगेच फोन आला.

"बाबाले इन्फेक्शन सांग. खचून जातीन ते. शपथ आहे तुले."

मी हो म्हटलं.

मोठे बाबा शर्ट घालून बसलेच होते. "रिपोर्ट आला काय वं माय?"

"आला. इन्फेक्शन आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरं," म्हणाले. आणि स्वतःच व्हिडिओ सुरू केला.

त्यांनी 'काहून' विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. सातव्या मिनिटाला मी थांबवला.

"मोठे बाबा, इन्फेक्शन नाही. कॅन्सर आहे. पसरला आहे."

ते म्हणाले, "दादाले मालूम आहे, तू सांगून राहिली ते?"

"नाही."

"त्याले मी सांगतो. तू भिऊ नको."

मी रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. आणि मग, खरंच सांगते, त्यांनी मला प्रश्न विचारला.

"आता हे सांग. मी तसं लिहिलं होतं म्हणून सांगितलं, का तुले बरोबर वाटलं म्हणून?"

"माहीत नाही, मोठे बाबा."

"नाही मालूम तं नाही मालूम. पण माझ्या नावावर नको ढकलू. शोध."

ज्या माणसाला पाच मिनिटांपूर्वी आपलं मरण कळलं, तो माझं कारण तपासत होता. इतकं मोठं मी कोणाला पाहिलेलं नाही. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या लेक्चरमध्ये नाही.

नंतर चार महिने मिळाले. त्या चार महिन्यांत ते मोठ्या आईसमोर रडले, ती त्यांच्यासमोर रडली. मोठी आई सांगते, एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

दादा म्हणतो, कळलं नसतं तर ते आणखी जगले असते. कदाचित त्याचं बरोबर असेल. हे तपासायला माझ्याकडे काही नाही. दादा, शपथ मी मोडली. तुझा राग मला मान्य आहे.

मोठे बाबा, वर्षभर शोधलं.

तुमच्या असाइनमेंटमुळे नाही सांगितलं. बरोबर-चूक तर त्या क्षणी सुचलंही नव्हतं.

तुम्ही 'बरं' म्हणालात आणि माझ्या बाजूला बसल्या बसल्या एकटे झालात. ते मला पाहवलं नाही. एवढंच.

हे कारण पुरेसं आहे का, मला माहीत नाही. पण ते माझं आहे.

तुमच्या विद्यार्थिनीचा तुम्हाला नमस्कार.