माहेरच्या विहिरीचं पाणी

लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी घरातल्या माऊलीच्या मूर्तीकडे पाठ फिरवली. खोटं कशाला बोलू, मनात भक्ती नव्हती, संताप होता.

माझं माहेर मुंबईच्या एका समुद्राकाठच्या उपनगरातलं जुनं गावठाण. लग्न होऊन नागपूरला, सक्करदऱ्याला आले, त्यालाही आता जमाना झाला. आम्ही पिढीजात ख्रिस्ती, तरी चर्चला देऊळ आणि येशूच्या आईला माऊलीच म्हणणारे. किनाऱ्यावरचं आमचं देऊळ गावानेच बांधलं, रेती बायकांनी डोक्यावर वाहिली, असं आई मोठ्या तोऱ्यात सांगायची. गल्लीगल्लीत क्रूस, मे महिन्यात त्यांच्यापुढे माळेची प्रार्थना, आणि देवळामागे आमच्या घराची विहीर. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत, गाणी म्हणत त्या विहिरीवर जात. त्या पाण्याने न्हाल्याशिवाय गावातली नवरी वेदीसमोर उभी राहत नसे. आता देवळाभोवती टॉवर आलेत. सणाला बँड अजून वाजतो, पण ती गाणी येणाऱ्या बायका कुठल्या कुठल्या फ्लॅटांत पांगल्या.

लेकीच्या डोक्यावर ते पाणी पडावं, एवढंच माऊलीकडे मागत होते. भाऊ कॅन भरून रेल्वेने आणणार होता. त्या सकाळी त्याचा फोन आला. विहीर केव्हाच बुजवली होती, बिल्डरला पार्किंग हवं होतं. मला सांगायचा त्याला धीर झाला नाही म्हणे, आणि आता तोंड दाखवायलाही तो येणार नव्हता. वर शहाणपण, "बाटलीचं पाणी घे ना, देवाला काय फरक पडतो?" देवाला पडत नसेल. मला पडत होता.

संध्याकाळी रिकामी कळशी घेऊन पायरीवर बसले आणि रडले. शेजारच्या कुसुमताई कुंपणाशी आल्या. त्यांचं कुटुंब बौद्ध. रस्त्यात भेटलं तर हसण्यापलीकडे आमचं जाणं-येणं नव्हतं.

"काहून रडून राहिली वं? उद्या पोरीचं लगन ना तुह्या?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी आपल्या अंगणातल्या विहिरीकडे बोट दाखवलं.

"आमच्या सासऱ्यायले लहानपणी गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. इथं जागा घेतली तं घराच्या आधी विहीर खोदली त्यायनं. पान्याले कोणाले नाही म्हनाचं नाही, असं सांगून गेले. आन इकडे ती कळशी."

त्यांनी हाका मारून गल्लीतल्या बायका जमवल्या. विहिरीवर मी आईचं गाणं सुरू केलं पण साथ धरायला कुणी नव्हतं. त्यांना माझे शब्द येत नव्हते. त्यांनी त्यांचं हळदीचं गाणं धरलं. पाणी डोक्यावर पडलं तशी लेक "आई, थंड आहे गं!" म्हणून हसली. माहेरचं पाणी जरा खारट असायचं. हे गोड होतं.

मी विहीर मागत होते, माऊलीने पाणी दिलं, तेही कुंपणापलीकडून. मागितलेलं आपल्याला हव्या त्याच हाताने मिळावं, हा हट्ट मी सोडला आहे, आणि त्यासाठी तिचे उपकार मानते. भावाला मात्र अजून क्षमा करता आलेली नाही. रोजच्या प्रार्थनेत इतरांना क्षमा करण्याची ओळ आली की जीभ जड होते. तेवढी ओळ मी माऊलीवर सोडते आणि पुढे जाते.