हाताखालचं लाकूड

सासूबाईंनी पाणी पिणं कमी केलंय, हे कुंदाबाईंना कळलं ते तांब्यावरून. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी जवळपास तसाच असायचा. जळगावचा एप्रिल महिना, दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसावा असा, आणि सासूबाई, झुंबरबाई, ओठ ओले करण्यापुरतं पाणी घेत. विचारलं तर म्हणत, तहानच लागत नाही.

खरं कारण गुडघ्यांत होतं. जमिनीवर बसणं दोन वर्षांपूर्वीच सुटलं होतं. खाटेची सैल नवार बसणाऱ्याला पोटात घ्यायची. मुलानं, पितांबररावांनी, दिवाळीला हौसेनं घेतलेला रेक्झिनचा सोफा तर त्याहून वाईट. त्यात रुतलेल्या बाईला काखेत हात घालून दोघांनी उपसावं लागे. पाणी प्यायचं म्हणजे उठायचं, आणि उठायचं म्हणजे कुणाला तरी हाक मारायची. एकदा घरात कुणी नव्हतं, तेव्हा शेजारच्या बेबाबाईच्या जावयानं त्यांना उठवलं. दुसऱ्याच दिवशी झुंबरबाई लेकीकडे धुळ्याला निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, परक्याचा हात लागल्याशिवाय मला उठता येईल अशी सोय झाली तर येईन, नाही तर सोनगीरला आपल्या घरी एकटी पडून राहीन. लेकीची एकच खोली होती. तिथं त्या महिनाभरही राहणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कुंदाबाईंना एक खुर्ची आठवत होती. फेब्रुवारीत वरणगावला पितांबररावांच्या मावसभावाकडे बारसं होतं. त्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वेतानं विणलेली एक जुनी लाकडी खुर्ची होती. तिच्यावर बसवलेल्या सासूबाई थोड्या वेळानं आपल्या पायांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या उठल्या कशा, हे कुणी पाहिलं नव्हतं.

तसली खुर्ची शोधण्यात तीन आठवडे गेले. बाजारात नक्षीच्या, मोर कोरलेल्या खुर्च्या होत्या. त्यांची किंमत ऐकून कुंदाबाईंनी हात मागे घेतला, आणि धरून हलवल्या तर सांधे बोलत होते. स्वस्त होत्या त्या लोखंडी, घडीच्या. शेवटी त्या बसनं वरणगावलाच गेल्या. मावसभावानं त्यांना भंगारवाल्या गफूरभाईंकडे नेलं. कारखान्याच्या क्लबातलं जुनं सामान गफूरभाईंनी लिलावात घेतलं होतं. ताडपत्रीखाली तशाच दोन खुर्च्या उरल्या होत्या. सागवानी, पाय बारीक आणि बाहेर फाकलेले, जन्मून नुकतंच उभं राहिलेल्या वासरासारखे. नक्षीचा एक फराटा नाही. दोन्हींच्या बैठकीखाली डागलेला एकच आकडा होता, बासष्ट. हातांच्या पट्ट्या मात्र बैठकीच्या पुढं चार बोटं लांब.

जोडीचे दीडशे, असं गफूरभाई म्हणाले. कुंदाबाई गोंधळल्या. इतकं चांगलं लाकूड आणि इतकं स्वस्त? काहीतरी खोट असणार. त्यांनी मडकं पाहावं तसं बोटानं वाजवून पाहिलं, हलवलं, लाकडाचा वास घेतला. खोट सापडेना, त्यामुळे संशय आणखी वाढला.

"अक्का, बसून बघा ना," गफूरभाई म्हणाले. "खुर्ची बसायची चीज आहे."

आवारात चार गडी होते, मावसभाऊ होता. कुंदाबाईंनी पदर सावरला आणि उभ्या उभ्याच पैसे दिले. एकोणीस वर्षांच्या संसारात त्या कुणा मोठ्या माणसापुढं खुर्चीवर बसल्या नव्हत्या. घरात चहा द्यायचा तो उभं राहून आणि प्यायचा तो उंबऱ्याशी.

खुर्च्या बसच्या टपावरून घरी आल्या आणि पहिल्याच दिवशी पुढं आलेल्या हातात कुंदाबाईंचा पदर अडकला, कपबशी गेली. पितांबररावांचा गुडघा दोनदा आपटला. बेबाबाई म्हणाली, चांगलं असतं तर कारखान्यानं टाकलं असतं का? कुंदाबाईंना तेही पटलं. भटू मिस्त्री वेत आवळायला आला होता. तो खुर्चीभोवती फिरला आणि म्हणाला, लाकूड बावनकशी आहे वहिनी, पण करणाऱ्याला माप कळलं नाही, हात वायाच लांबवलेत. कापून देऊ का? कुंदाबाईंनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत एका खुर्चीचे हात बैठकीबरोबर कापून, गोल करून, पॉलिश लागून तयार झाले. दुसरी उद्यावर राहिली.

त्याच संध्याकाळी पितांबरराव आईला धुळ्याहून घेऊन आले. कुंदाबाईंनी नवी केलेली खुर्ची पुढं सरकवली. झुंबरबाई बसल्या, चहा घेतला, आणि उठायला गेल्या. त्यांचे दोन्ही तळवे पुढं गेले, गोल कडेवरून घसरले आणि हवेतच राहिले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी पितांबररावांनी काखेत हात घातला.

"हाई ती खुर्ची नही शे," त्या म्हणाल्या. "माले सकायले सोनगीरनी गाडीमा बसाडी द्या." रात्री त्या पाण्याला शिवल्या नाहीत.

कुंदाबाईंना काही समजेना. तेच लाकूड, तीच उंची, बासष्टचा तोच आकडा. मग चुकलं कुठं? गफूरभाईंनी फसवलं म्हणावं, तर कशात फसवलं?

सकाळी भटू मिस्त्री करवत घेऊन आला आणि त्यानं दुसरी खुर्ची आडवी केली. सासूबाईंची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

"थांबा जरा," कुंदाबाई म्हणाल्या. त्या नुसत्याच दोन खुर्च्यांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

खाटेच्या कडेला टेकलेल्या झुंबरबाई सुनेकडे बघत होत्या. "उभी राहीसन काय समजी तुले?" त्या म्हणाल्या. "तू बठी देख."

"तुमच्यासमोर?"

"मंग कोनासमोर? मिस्त्रीले तं गुडघाच दुखतस नही."

कुंदाबाई कापलेल्या खुर्चीवर बसल्या. कानशिलं तापली. सासूबाईंनी फर्मावलं की गुडघ्यांनी उठायचं नाही, हातांनी उठायचं. कुंदाबाईंनी तसं करून पाहिलं आणि तळवे घसरले. मग त्या दुसरीवर बसल्या. उठताना हात आपोआप पुढं गेले, आणि त्या चार बोटांच्या लाकडावर मुठी अशा बसल्या की अंग वर कसं आलं, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

भटू मिस्त्रीनं करवत पिशवीत घातली. म्हणाला, कापलेलं काही चिकटवता येणार नाही.

झुंबरबाई त्या लांब हातांच्या खुर्चीवर दोनदा बसल्या, दोनदा उठल्या. कुणी हात लावला नाही. मग त्यांनी पाणी मागितलं, आणि तांब्या अर्धा झाल्यावरच खाली ठेवला.

कुंदाबाई कापलेली खुर्ची माळ्यावर टाकायला उचलू लागल्या.

"ती तुले राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुना गुडघा आजून चांगला शेतस. बठ."

चहा आला तेव्हा कुंदाबाई तिच्या अगदी कडेला बसल्या. बशी मांडीवर धरावी की हातात, पदर डोक्यावर घ्यावा की असू द्यावा, काहीच ठरेना. उंबरा तीन पावलांवर होता. त्या त्याच्याकडे बघत बघत चहा प्यायल्या.