हिरवी राणी

लोक त्याला कवळीवाला म्हणत आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या तोंडासाठी दात बनवले. गावातले निम्मे म्हातारे त्याच्या जिवावर हसत होते. तो मात्र गेल्या वर्षभरात धड हसला नव्हता. स्वभावाने माणूस सरळ, पण डूख धरण्यात सापाने त्याची शिकवणी लावावी. शाळेत कुणी त्याची पेन्सिल तोडली होती ते त्याला तारखेसकट आठवे.

त्याचा मित्र एकच. चष्मेवाला. दुकानं एकाच गल्लीत, समोरासमोर. एकाने दिसायची सोय करायची, दुसऱ्याने चावायची, असा दोघांचा संसार. चष्मेवाला प्रत्येक चष्म्यासोबत डबीत एक चिठ्ठी घालायचा, स्वतःच्या अक्षरात: साध्या पाण्याने धुवा, दुसरं काही लावू नका. कवळीवाल्याने त्याच्याकडून चार चष्मे घेतले होते आणि चारही चिठ्ठ्या न वाचता टाकल्या होत्या.

दर रविवारी दुपारी कवळीवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत लढाई व्हायची. प्लास्टरच्या दोन पिंपांवर एक जुनं दार आडवं टाकलेलं, हेच रणांगण. बिघडलेले जबड्यांचे साचे उलटे ठेवले की डोंगर तयार. त्यावर बोटभर उंचीची सैन्यं उभी राहायची. कवळीवाल्याचे हाडांचे शिपाई, चष्मेवाल्याचे हिरवे राक्षस. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, मारायचं, मरायचं. पन्नाशी उलटलेले दोन बाप्ये एका इंचासाठी तासभर भांडायचे.

नियम कवळीवाल्यानेच केला होता. ज्याचा सेनापती पडेल, त्याने ती मूर्ती जिंकणाऱ्याला देऊन टाकायची. जिंकणाऱ्याने ती आपल्या रंगात रंगवून आपल्या सैन्यात उतरवायची. परत हवी असेल तर मैदानात पाडून न्यायची.

हाडांच्या सैन्याची सेनापती होती एक राणी. धातूची, अंगठ्याएवढी. ती कवळीवाल्याच्या बायकोने रंगवली होती, आजारपणाच्या शेवटच्या चार महिन्यांत, खिडकीशी बसून, तीन केसांच्या ब्रशने. लाल झगा, गव्हाळ चेहरा, आणि डाव्या डोळ्याखाली एक तीळ. तसाच तीळ तिच्या स्वतःच्या डोळ्याखाली होता. "मी नसले तरी लढाईला येत जाईन," ती म्हणाली होती. ती गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात कवळीवाला हरला आणि राणी पडली.

"राहू दे तुझ्याकडे," चष्मेवाला तेव्हा म्हणाला होता. "वहिनींच्या हातची आहे."

"नियम म्हणजे नियम," कवळीवाला ताठ मानेने म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याला वाटलं, मित्र आणखी एकदा नको म्हणेल. मित्राने राणी उचलून खिशात घातली, आणि पुढच्या रविवारी ती हिरवीगार होऊन आली. झगा हिरवा, चेहरा हिरवा, तिळाची जागासुद्धा हिरवी. मूर्ती नव्याने रंगवायची म्हणजे आधी जुना रंग उतरवायचा, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणजे बायकोचा हात पुसला गेला, कायमचा. कवळीवाल्याने त्या दिवशी ठरवलं, की याला आडवा केल्याशिवाय राहायचं नाही.

वर्षभर तो हरत राहिला. चष्मेवाला राणीला कायम सगळ्यांत मागे, राक्षसांच्या तीन रांगांआड ठेवायचा. चष्म्याच्या डबीतून आणायचा आणि पायाखालच्या चकतीला चिमटीत धरून उचलायचा, अंगाला बोटसुद्धा लावायचा नाही. मेलेली पाल उचलावी तशी उचलतो, असं कवळीवाल्याला वाटायचं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग त्याने गिधाडं बनवली. हिरड्यांच्या गुलाबी मसाल्यातून बारा गिधाडं, पंखांची पिसं कोरून. लोकांच्या कवळ्या आठ-आठ दिवस रखडल्या. एक आजोबा रोज पेजेवर दिवस काढत दुकानात चकरा मारत होते. "आजोबा, थोडा धीर धरा," कवळीवाला सांगायचा, "एका माणसाचे दात घशात घालायचेत."

त्या रविवारी त्याने निम्मं सैन्य उजव्या डोंगराखाली मरायलाच उभं केलं. चष्मेवाला भोळा, गूळ दिसला की धावणाऱ्या मुंगीसारखे त्याचे राक्षस तिकडे वळले. तासाभरात हाडांचा चुरा झाला.

"आज तुझं लक्ष नाही," चष्मेवाला म्हणाला. "बरं नाही का?"

"मजेत आहे."

राणीपुढच्या रांगा विरळ झाल्या तसा कवळीवाल्याने टेबलाखालचा खोका उघडला. बारा गिधाडं जबड्यांच्या डोंगरावरून पलीकडे गेली. त्याने टेप लावली. बारा इंच, नियमाने गिधाडांची झेप तेवढीच. एक केसभरही जास्त नाही.

"पोचली," चष्मेवाला हळूच म्हणाला.

चार फासे, त्यात एक तरी सहा हवा होता. दोन सहा आले. हिरवी राणी आडवी झाली आणि कवळीवाल्याच्या छातीत इतकं गोड वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

"जिंकलास की. झालं," चष्मेवाला उठत म्हणाला.

"बस. तुझे नऊ राक्षस उरलेत."

ते नऊच्या नऊ त्याने एकेक करून मारले. एकेक उचलून मित्राच्या समोर आडवा ठेवला. चष्मेवाला मुकाट्याने फासे गोळा करून त्याच्या हातात देत राहिला. शेवटी त्याने राणीला चिमटीत धरून डबीत ठेवलं आणि डबी पुढे सरकवली.

"ऐक, हिला धुताना..."

"तू नको शिकवूस मला. वर्षभर तुझं पाहिलंय."

"आतली चिठ्ठी तरी वाच."

"तुझी चिठ्ठी पाठ आहे मला. नीघ आता."

चष्मेवाला गेला. कवळीवाल्याने दाराला कडी घातली. कवळीच्या मसाल्यात मिसळायचं उग्र वासाचं लिक्विड त्याने वाटीत ओतलं; त्यापुढे कुठलाच रंग टिकत नाही. मित्राचा एक हिरवा कण तिच्या अंगावर ठेवायचा नव्हता. धातू उघडा पाडायचा आणि मग स्वतः रंगवायचं, जसं जमेल तसं. त्याने राणीला वाटीत बुडवलं आणि कापसाच्या बोळ्याने दात ओठ खाऊन घासलं.

बोळा हिरवा झाला. दुसरा बोळाही हिरवा झाला. तिसरा लाल निघाला.

त्याने राणी उजेडात धरली. हिरव्याच्या खालून गव्हाळ चेहरा वर आला होता. डाव्या डोळ्याखाली तीळ होता. तिथेच होता, जसाच्या तसा. तो बघत असतानाच चेहरा ओला होऊन ओघळला आणि तीळ गालावरून हनुवटीपर्यंत घसरत गेला. त्याने मूर्ती नळाखाली धरली. नळाखाली फक्त राखाडी धातू उरला.

मग त्याने चिठ्ठी उघडली. घडी वर्षभराची, कडा पिवळट.

"साध्या पाण्याने धुवा, दुसरं काही लावू नका. हिरवा रंग शाळेतल्या पोरांचा आहे, पाण्याने जातो. खाली वहिनींचं काम आहे तसं आहे, वरून वार्निश मारलंय. तू नियम मोडू देणार नाहीस म्हणून असं केलं. लवकर जिंक."

लाल झालेला बोळा कवळीवाल्याने मुठीत धरला आणि खाली फरशीवर बसला. ज्याला वर्षभर मनातल्या मनात उभा जाळला, त्याने तिला वर्षभर बोट न लावता जपलं होतं. तिला संपवायला याला तीन बोळे पुरले.

दुसऱ्या दिवशी तो समोरच्या दुकानात गेला आणि डबी काउंटरवर ठेवली. चष्मेवाल्याने ती उघडली. बराच वेळ बघितलं, मग भिंग लावून डावा डोळा बघितला.

"चिठ्ठी?"

"नंतर वाचली."

चष्मेवाल्याने भिंग खाली ठेवलं. काचा पुसायचं फडकं त्याने काउंटरवर आपटलं. हा माणूस रागावतो कसा, हे कवळीवाल्याने चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"शिव्या घाल," कवळीवाला म्हणाला. "मुस्काटात मार. काहीतरी कर."

"शिव्या घालून काय होणार?" चष्मेवाल्याने डबी बंद करून त्याच्याकडे ढकलली. "रविवारी हिला सेनापती म्हणून उभी कर. अशीच, रंग न देता."

"कशाला?"

"मला ती जिंकून न्यायचीय. तुझ्याकडे नको राहायला ती."

रविवारी कवळीवाल्याने राणीला सगळ्यांत पुढे उभं केलं. गिधाडांचा खोका त्याने उघडलाच नाही.