दादाचं विमानातलं भिंग

आमच्या दादाला सोलापुरात लोक फोटोग्राफर म्हणून ओळखत. घरात आम्ही त्याला डोक्याचा ताप म्हणून ओळखत होतो.

वडील गेल्यावर स्टुडिओ त्याच्याकडं आला आणि रिटचिंगचं काम माझ्याकडं. खिडकीपाशी उतरतं डेस्क, त्यावर फोटोची निगेटिव्ह काच, हातात बारीक टोकाची पेन्सिल. मुरमं आणि व्रण काचेवर पारदर्शक ठिपक्यांसारखे दिसतात. ते पेन्सिलीनं हलकेच भरले की कागदावर गाल गुळगुळीत उमटतो. निम्म्या सोलापूरचे गाल मी असे गुळगुळीत केले होते. माझ्या स्वतःच्या गालांवर मात्र लहानपणच्या देवीचे व्रण होते आणि त्यापायी माझं लग्न अडलं होतं.

मंगळवेढ्याची मंडळी मी स्वतः रिटच केलेला माझा फोटो बघून आली होती. मी पाटावर बसले तसा त्यांच्यातल्या एका काकांनी फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला आणि विचारलं, "ही फोटूतलीच पोरगी हाय, का दुसरी कोण?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पोहे मात्र काकांनी दोनदा घेतले.

अशात दादा पुण्याला गेला आणि जुन्या बाजारातून एक भिंग घेऊन आला. पहिल्या महायुद्धात विमानाच्या पोटाला बांधून खालच्या खंदकांचे फोटो काढायचं ते भिंग. पाण्याच्या तांब्याएवढं, पितळी नळीत बसवलेलं, आणि कुणीतरी चांगलं आपटलेलं. कडेचा टवका उडालेला, कडं वाकलेलं, उघडझाप करणारा पडदा गायब.

"ह्याचं करायचं काय?" मी विचारलं.

"आपल्या मोठ्या कॅमेऱ्याला बसवायचं. अगं, आभाळातून जमिनीवरचा माणूस दाखवतं हे!"

"आपली गिऱ्हाईकं जमिनीवरच बसतात की," मी म्हटलं. पण ऐकतो कोण!

कडं तांबटानं ठोकून सरळ केलं, तेवढं एकच काम धड झालं. टवक्यातून उजेड फाकतो म्हणून तो काळा करायचा होता. दादानं खुशाल आईच्या डबीतलं काजळ फासलं. ते एरंडेलात खललेलं; सोलापूरच्या उन्हात वितळून भिंगभर ओघळलं. ते पुसायला माझं जुनं लुगडं गेलं आणि आईचं काजळ गेलं ते वेगळंच. मग दिव्याची काजळी चपडी लाखेत कालवून लावली, तेव्हा कुठं ती जागेवर बसली.

पुढचा घोळ भात्याचा, म्हणजे भिंग आणि काच यांच्यामधल्या घड्यांच्या कापडी नळीचा. हे भिंग दूरचं बघायला केलेलं. जवळचा माणूस दाखवायचा तर ते काचेपासून खूप पुढं न्यावं लागे आणि आमच्या कॅमेऱ्याचा भाता तेवढा ताणत नव्हता. दादानं काळ्या कापडाचा लांब भाता शिवायला घेतला, म्हणजे मला शिवायला लावला. घड्या ताठ राहाव्यात म्हणून शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरून सुताला लावायची खळ आणली. शहाण्याला एवढंही सुचलं नाही की खळ म्हणजे शिजवलेलं पीठ. थोड्याच दिवसांत झुरळांनी भात्याची चाळण केली. भोकांतून उजेड आत शिरला आणि प्रत्येक फोटोत माझ्या तोंडाभोवती चांदण्या पडल्या.

"तू हललीस," दादा म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं! हलल्यानं चांदण्या पडतात का कुठं?

बसायला दर वेळी मीच असायची. भिंगाला पडदा नव्हता, त्यामुळं दादा पितळी डब्याचं झाकण भिंगावरून काढून मोठ्यानं अंक म्हणायचा आणि पुन्हा झाकण लावायचा. तेवढा वेळ पापणी न लवता कुठलं गिऱ्हाईक बसणार? बहीण घरात होती, बिनलग्नाची होती, म्हणजे रिकामीच होती असा त्याचा हिशेब. उजेडासाठी मी परसात उन्हाच्या कडेला, कॅमेरा स्वयंपाकघराच्या दारात, आणि तो लांबलचक भाता अख्खं दार अडवून. आईला पाणी आणायला परसात जायची सोय उरली नाही. ती त्या भिंगाला घरात आलेली सवत म्हणायची.

शेवटी खळीत मोरचूद घालून दुसरा भाता केला. त्याला झुरळं शिवली नाहीत आणि एकदाचा फोटो निघाला.

मी तो बघितला आणि मला रागानं रडू आलं. एकेक व्रण, त्याची कड, त्याच्या आतली सावलीसुद्धा त्या मेल्या भिंगानं टिपली होती. दादा इकडं नाचत होता. "पापण्या मोजून घे, पापण्या!"

त्याच आठवड्यात मोडनिंबहून निरोप आला की मुलीचा फोटो पाठवा. जुना फोटो मंगळवेढ्यापासून आईला अपशकुनी वाटायचा, तेव्हा हाच पाठवायचा ठरला. आईनं काच माझ्या डेस्कावर ठेवली. "घे पेन्सिल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"ह्या काचेला पेन्सिल लावायची नाही!" दादा ओरडला. "असलं भिंग अख्ख्या जिल्ह्यात नाही आणि त्यावर तुम्ही गिरगटणार?"

"भिंगाचं लग्न करायचंय का पोरीचं?" आई म्हणाली.

दोघं भांडत बाहेर गेली. मी पेन्सिलीला टोक काढलं आणि डावा गाल भरायला घेतला. हात सराईत होता, अर्धा गाल भराभर झाला. मग थांबून बघितलं. त्या अर्ध्या गालाची बाई माझ्या ओळखीची नव्हती. मंगळवेढ्याच्या काकांनी शोधली होती ती हीच. हिला पुढं पाठवायचं, मग पाटावर मी जाऊन बसायचं, आणि पुन्हा कुणीतरी फोटो माझ्या तोंडाशी धरणार. मला असा संताप आला की काय सांगू! आईचा, दादाचा, त्या पेन्सिलीचा, सगळ्यांचाच. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि गाल पुसून टाकला.

छापलेला फोटो बघून आईनं कपाळाला हात लावला. "हात दाखवून अवलक्षण!" दादाला वाटलं मी त्याच्या भिंगाचा मान राखला. चुलीत गेला भिंगाचा मान.

मोडनिंबची मंडळी येतील असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं, पण आली. मी सवयीनं मान खाली घालून पाटावर बसले आणि कुणीतरी फोटो बाहेर काढेल म्हणून वाट बघत राहिले. कुणी काढला नाही.

"तोंड वर कर की बाळ," मुलाची आई म्हणाली. "गाल बघितल्यात आमी फोटूत. आता तुझं बोलणं ऐकू दे."

मी तोंड उघडायच्या आत दादा पुढं सरसावला. "त्याचं काय आहे मावशी, ते भिंग साधं नाही. विमानातून..." आणि खंदक, टवका, काजळ, झुरळं, सगळं पुराण त्यानं लावलं. मला त्याला पाटानं हाणावंसं वाटत होतं.

"आवो, ते भिंग ऱ्हाऊ द्या बाजूला," मुलाची आई म्हणाली. "तुमी लई बोलता. पोरीला बोलू द्या की." मग माझ्याकडं वळली. "तू दिवसभर करतीस काय?"

"फोटोतले लोकांचे डाग घालवते."

"आन सोताचे का न्हाय घालवलंस?"

आईनं मागून चिमटा काढला. तो सोसून मी म्हटलं, "घालवले असते तर तुमच्या घरात जन्मभर तोंड लपवत फिरावं लागलं असतं. ते मला जमायचं नाही."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या, गालांकडं नव्हे, सरळ डोळ्यांत. मग कोपऱ्यात बसलेल्या मुलाला म्हणाल्या, "तुला काय इचारायचं आसंल तर इचार बाबा, न्हायतर मी हिला घिऊन चालले."

तो हसत उठला आणि आपल्या आईच्या वहाणा सरळ करून ठेवायला दाराकडं गेला.